चिऱ्याच्या भिंतीतून उष्णता कशी सरकते: सांत अंतर पद्धतीची पहिली ओळख

मे महिन्यात रत्नागिरीकडच्या एखाद्या जांभ्या चिऱ्याच्या घरात रात्री अकरा-बाराच्या सुमारास पश्चिमेकडच्या भिंतीला आतून हात लावून पाहिला, तर ती भर दुपारी होती त्याहून अधिक उबदार लागते. बाहेर वारा सुटलेला असतो, खळ्यातली जमीन निवलेली असते, पण माजघरातली भिंत मात्र तेव्हा कुठे तापू लागलेली असते. दुपारची उष्णता त्या भिंतीतून वाट काढत आत पोहोचायला किती तास लागतात आणि वाटेत तिच्यातली किती विरून जाते, हा प्रश्न अवकल समीकरणाचा आहे. ते समीकरण कागदावर न सोडवता, केवळ बेरीज-वजाबाकी-गुणाकाराने कसे सोडवायचे, हे या लेखात पायरीपायरीने पाहू. या रीतीला सांत अंतर पद्धत म्हणतात. महाविद्यालयात तीच फायनाइट डिफरन्स मेथड या नावाने शिकवली जाते. अकरावी-बारावीचे गणित आणि एक्सेलसारखा तक्ता एवढे भांडवल पुरेसे आहे.

भिंतीआधी पेजेचे पातेले

एकदम भिंतीकडे जाण्यापूर्वी एक सोपे उदाहरण हाताने सोडवावे, कारण पुढच्या साऱ्या अडचणी त्यात लहान रूपात दिसतात. चुलीवरून उतरवलेली पेज ९० अंश सेल्सिअसला आहे आणि स्वयंपाकघरातली हवा ३० अंशांना. पेज निवण्याचा वेग हा पेज आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो, असा न्यूटनचा नियम आहे. दर मिनिटाला फरकाच्या ०.०५ पट एवढे तापमान उतरते असे धरू. अवकल समीकरण एवढेच सांगते की या क्षणी उतरण्याचा वेग किती आहे. थोड्या वेळाने तापमान किती असेल हे ते थेट सांगत नाही. म्हणून आपण एक छोटे पाऊल टाकतो आणि असे मानतो की तेवढ्या वेळात वेग बदलत नाही.

दोन मिनिटांचे पाऊल घेऊ. सुरुवातीला फरक ६०, म्हणून उतार ६० × ०.०५ × २ = ६ अंश, आणि नवे तापमान ८४. आता फरक ५४, उतार ५.४, तापमान ७८.६. याच रीतीने पुढे ७३.७४, ६९.३७ आणि दहा मिनिटांनंतर ६५.४३ येते. ऑयलरने १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत हीच. या समीकरणाचे अचूक उत्तर आपल्याला माहीत आहे आणि ते दहा मिनिटांना ६६.३९ आहे, म्हणजे आपण जवळजवळ एका अंशाने चुकलो. पाऊल निम्मे, म्हणजे एका मिनिटाचे केले, तर उत्तर ६५.९२ येते आणि चूकही निम्मी होते. पाऊल निम्मे केल्यावर चूक निम्मी होणाऱ्या रीतीला पहिल्या कोटीची रीत म्हणतात.

आता मुद्दाम मोठे पाऊल घेऊन पाहा. एका पावलात ५० मिनिटे ओलांडली, तर उतार ६० × ०.०५ × ५० = १५० अंश होतो आणि पेज उणे ६० अंशांवर जाते. पुढच्या पावलात ती १६५ अंशांवर उसळते, आणि त्यानंतर प्रत्येक पावलाला हा झोका वाढतच जातो. समीकरणात काही चूक नाही, आकडेमोडीतही नाही. पाऊल ४० मिनिटांपेक्षा मोठे झाले की ही रीत या समीकरणासाठी अस्थिर होते, एवढेच कारण आहे. ही गोष्ट नवशिक्याने अगदी सुरुवातीला पाहून घ्यावी असा माझा आग्रह आहे, कारण पाठ्यपुस्तकांत ती शेवटच्या प्रकरणात येते आणि तोवर विद्यार्थी मनासारखी पावले टाकून मोकळा झालेला असतो.

शेजाऱ्यांची सरासरी

भिंतीत तापमान वेळेप्रमाणे बदलते तसे जागेप्रमाणेही बदलते. फूरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडलेले समीकरण शब्दांत असे आहे: एखाद्या बिंदूवर तापमान वाढण्याचा वेग म्हणजे पदार्थाचा विसरणांक (त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते हे सांगणारा आकडा) गुणिले त्या बिंदूवरचा तापमानाचा, जागेच्या संदर्भातला, दुसरा अवकलज. हा दुसरा अवकलज आकड्यांत कसा मिळवायचा, हाच पद्धतीचा गाभा आहे.

भिंतीच्या जाडीवर समान अंतरांवर बिंदू आखावेत. कोणत्याही बिंदूसाठी डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांच्या किमतींची बेरीज घ्यावी, तीतून स्वतःच्या किमतीची दुप्पट वजा करावी आणि आलेल्या आकड्याला अंतराच्या वर्गाने भागावे. १७१५ मध्ये ब्रूक टेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या विस्तारमालिकेवरून हे सूत्र दोन ओळींत सिद्ध होते. पण त्याची खात्री पटायला एक आकडा पुरतो. एखाद्या संख्येचा चौथा घात हे फल घेऊ. ३ या ठिकाणी त्याचा दुसरा अवकलज १२ × ९ = १०८ असतो. अंतर १ घेतले तर शेजारी २ आणि ४. त्यांचे चौथे घात १६ आणि २५६. बेरजेतून ८१ ची दुप्पट वजा केली की ११० उरतात, म्हणजे चूक २. अंतर ०.५ घेतले तर ३९.०६२५ अधिक १५०.०६२५ वजा १६२ म्हणजे २७.१२५, त्याला ०.२५ ने भागून १०८.५, म्हणजे चूक ०.५. अंतर निम्मे केले तर चूक चौथाई झाली. ही दुसऱ्या कोटीची अचूकता आहे, आणि ती मिळण्याचे कारण असे की डावा आणि उजवा असे दोन्ही शेजारी सारख्या वजनाने घेतल्यामुळे विषम घातांच्या चुका एकमेकींना छेदतात.

या सूत्राचा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते प्रत्येक बिंदूला विचारते की, तुझ्या दोन शेजाऱ्यांची सरासरी तुझ्यापेक्षा किती वर आहे. सरासरी वर असेल तर बिंदू तापतो, खाली असेल तर निवतो, आणि तिन्ही किमती एका सरळ रेषेत असतील तर तो जागचा हलत नाही.

भिंतीचा हिशेब

भिंत ३० सेंटीमीटर जाड धरू आणि तिच्यावर ५ सेंटीमीटर अंतराने ० ते ६ असे सात बिंदू आखू. विसरणांक ०.००५ चौरस सेंटीमीटर दर सेकंदाला घेऊ. दगड-विटांच्या बांधकामाला साजेसा हा गोल आकडा आहे, आणि प्रत्यक्ष चिऱ्यात सच्छिद्रतेप्रमाणे व ओलाव्याप्रमाणे तो बदलतो. काळाचे पाऊल अर्ध्या तासाचे, म्हणजे १८०० सेकंदांचे घेऊ.

आता एकच संख्या काढायची आहे. विसरणांक गुणिले काळाचे पाऊल भागिले अंतराचा वर्ग, या संख्येला आपण ‘र’ म्हणू. येथे र = ०.००५ × १८०० ÷ २५ = ०.३६. नियम असा:

नवे = जुने + र × (डावे − २ × जुने + उजवे)

हाच नियम उलगडून लिहिला तर नव्या तापमानात डाव्याचा वाटा ०.३६, उजव्याचा ०.३६ आणि स्वतःच्या जुन्या तापमानाचा ०.२८ असतो. तीन वाट्यांची बेरीज १ येते. ती आली नाही तर पुढे जाऊ नये.

सकाळी सारी भिंत २८ अंशांना आहे, आणि बाहेरचा पृष्ठभाग उन्हाने एकदम ४५ अंशांना गेला, आतला मात्र २८ वरच राहिला असे समजा. पहिल्या अर्ध्या तासाने १ क्रमांकाचा बिंदू ०.३६ × ४५ + ०.६४ × २८ = ३४.१२ अंशांना येतो. बाकीच्यांना अजून काहीच कळलेले नसते. दुसऱ्या अर्ध्या तासाने तो ३५.८३ होतो आणि २ क्रमांकाचा ३०.२०. दीड तासाने पहिले तीन बिंदू ३७.११, ३१.४४ आणि २८.७९ असे दिसतात. उष्णता एका पावलात एकच बिंदू ओलांडते आणि आत जाताना नेमकी मंदावते. हे आकडे एकदा तरी वहीवर काढावेत, कारण हाताने काढलेली तीन पावले पुढे संगणकाचे उत्तर तपासायला कामी येतात.

तक्त्यात हे मांडताना आडव्या दिशेला भिंतीवरचे बिंदू आणि उभ्या दिशेला वेळ घ्यावी. सर्वांत वरच्या ओळीत सुरुवातीची तापमाने भरावीत. ‘र’ ची किंमत बाजूच्या एका घरात ठेवून सूत्रात ते घर डॉलरच्या चिन्हाने पक्के करावे, म्हणजे खाली ओढताना ते सरकत नाही. दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक मधल्या घरात वरचे नियमवाक्य लिहावे. त्यातली तिन्ही घरे वरच्याच ओळीतली असली पाहिजेत. एकदा ओळ तयार झाली की ती हव्या तितक्या ओळी खाली ओढावी.

पायथनमध्ये लिहिणाऱ्यांनी जुन्या आणि नव्या तापमानांच्या दोन वेगळ्या याद्या ठेवाव्यात. एकाच यादीत किमती बदलत गेल्यास डावा शेजारी नव्या वेळेचा आणि उजवा जुन्या वेळेचा असा घोळ होतो, आणि उत्तर दिसायला ठीक पण चुकीचे येते. नुसते ‘नवी = जुनी’ असे लिहिल्याने पायथनमध्ये दुसरी यादी तयार होत नाही, त्याच यादीला दुसरे नाव मिळते; प्रत स्पष्टपणे सांगून घ्यावी लागते. मी स्वतः पहिला कार्यक्रम लिहिला तेव्हा याच चुकीत दोन दिवस घालवले होते, आणि वहीवरच्या तीन पावलांशी ताडून पाहिल्यावरच ती सापडली.

अर्धा तास चालतो, एक तास का चालत नाही

काळाचे पाऊल दुप्पट करून एक तासाचे घ्या. र आता ०.७२ होतो आणि स्वतःच्या जुन्या तापमानाचा वाटा १ − २ × ०.७२ = उणे ०.४४. बिंदू जितका आधी गरम तितका आता थंड, असा उलटा अर्थ यातून निघतो. दोन तासांनी १ क्रमांकाचा बिंदू ३४.८५ अंशांना आणि त्याच्या आतला २ क्रमांकाचा ३६.८१ अंशांना दिसतो, म्हणजे बाहेरून तापणारी भिंत आतल्या बाजूला जास्त गरम. तीन तासांनी तेच आकडे ४३.५७, २९.०६ आणि ३४.३५ असे करवतीच्या दातांसारखे वरखाली होतात. पुढे हे दात वाढतच जातात.

म्हणून अट अशी की ‘र’ ०.५ पेक्षा अधिक असू नये. आपल्या भिंतीत काळाचे पाऊल २५०० सेकंद, म्हणजे ४१ मिनिटे ४० सेकंद याच्या आत असले पाहिजे. जागेचे अंतर निम्मे करून २.५ सेंटीमीटर घेतले तर ही मर्यादा चौथाई होऊन ६२५ सेकंदांवर येते. बिंदू दुप्पट, पावले चौपट, म्हणजे एकूण काम आठपट. अचूकता हवी म्हणून केवळ बिंदू वाढवणारा आणि काळाचे पाऊल तेच ठेवणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो. जाळी बारीक केली तर उत्तर सुधारलेच पाहिजे, अशी त्याची समजूत असते.

काळासाठीही डावे-उजवे दोन्ही शेजारी घेतले, म्हणजे मागची आणि पुढची वेळ घेतली, तर अचूकता वाढेल असे कोणालाही वाटेल. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९१० च्या निबंधात उष्णतेच्या समीकरणासाठी असेच केले होते. ती रीत काळाचे पाऊल कितीही लहान घेतले तरी अस्थिर आहे, हे पुढे सिद्ध झाले. हवामानाचे भाकीत आकडेमोडीने करण्याचा मार्ग १९२२ च्या ग्रंथात दाखवणाऱ्या माणसाच्या हातूनही हे घडले, यावरून अचूकतेची कोटी आणि स्थैर्य या किती वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात यावे.

काळाचे मोठे पाऊल घ्यायचेच असेल तर शेजाऱ्यांची तापमाने जुन्या वेळेची न घेता नव्या वेळेची घ्यावी लागतात. ती अजून माहीत नसल्याने प्रत्येक पावलाला सर्व बिंदूंची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. पण प्रत्येक समीकरणात तीनच अज्ञाते असल्याने ते काम एका फेरीत वरून खाली आणि दुसऱ्या फेरीत खालून वर असे झटपट होते. जॉन क्रँक आणि फिलिस निकल्सन यांनी १९४७ मध्ये जुन्या आणि नव्या वेळेची सरासरी घेणारी रीत दिली, आणि ती काळातही दुसऱ्या कोटीची आहे. ती फुटत नाही, तरी सुरुवातीला तापमानात एकदम उडी असेल आणि पाऊल मोठे असेल तर तिच्यातही झोके दिसतात. नव्याने शिकणाऱ्याने आधी साधी, उघड रीत, म्हणजे केवळ जुन्या वेळेच्या किमतींवरून नवी किंमत काढणारी, पक्की करावी आणि मगच इकडे वळावे.

भिंतीच्या कडा

मधल्या बिंदूंचा नियम एकच असतो. विचार करावा लागतो तो कडांचा. आतला पृष्ठभाग २८ अंशांवर बांधून ठेवणे सोयीचे असले तरी खरे नाही. खिडक्या बंद असलेल्या खोलीत आतल्या बाजूने उष्णता जवळजवळ बाहेर जात नाही असे मानणे अधिक जवळचे आहे, आणि तेव्हा कडेवरचा उतार शून्य असतो. यासाठी भिंतीच्या पलीकडे ७ क्रमांकाचा एक काल्पनिक बिंदू मानावा आणि त्याचे तापमान ५ क्रमांकाच्या बिंदूएवढेच ठेवावे. मग ६ क्रमांकासाठी नियम नवे = जुने + २ × र × (डावे − जुने) असा होतो. पुष्कळ जण याऐवजी ६ व्याला ५ व्याएवढेच करून मोकळे होतात. ते स्थिर असते, पण पहिल्या कोटीचे असते, आणि कडेची ती चूक हळूहळू साऱ्या भिंतीत पसरते.

उत्तरावर विश्वास कधी ठेवावा

ज्याचे अचूक उत्तर माहीत आहे असा प्रश्न आधी त्याच तक्त्याला घालावा. दोन्ही पृष्ठभाग २८ अंशांवर बांधून मध्यभागी १० अंशांचा, साइनच्या अर्ध्या लाटेसारखा फुगवटा द्यावा. आपल्या विसरणांकाने पाच तासांनंतर मध्यावर ३.७३ अंश उरले पाहिजेत. ५ सेंटीमीटर आणि अर्धा तास घेतला तर तक्ता ३.६३ दाखवतो, २.५ सेंटीमीटर आणि साडेसात मिनिटे घेतली, म्हणजे ‘र’ तोच ठेवला, तर ३.७० दाखवतो. चूक ०.१० वरून सुमारे ०.०२५ वर आली, म्हणजे चौथाई झाली, आणि तसेच व्हायला हवे होते. चूक चौथाईऐवजी निम्मी झाली तर बहुधा कडेवरचे सूत्र ढिले आहे. कमीच झाली नाही तर मधला नियम तपासावा.

येथे एक सुंदर गोष्ट सांगायची राहते. ‘र’ नेमका एक-षष्ठांश ठेवला, तर काळाची आणि जागेची मुख्य चूक एकमेकींना छेदतात आणि त्याच साध्या नियमातून चौथ्या कोटीची अचूकता मिळते. ५ सेंटीमीटरच्या जाळीत त्यासाठी सुमारे ८३३ सेकंदांचे पाऊल लागते.

खाडीकडे वळताना

हीच जाळी भाट्याच्या किंवा दाभोळच्या खाडीवर टाकून भरतीबरोबर आत येणारा खारटपणा मोजायचा झाला, तर समीकरण बदलते. तेथे पाणी खारटपणा वाहून नेते, आणि डावे-उजवे शेजारी सारख्या वजनाने घेणारी, काळात एक पाऊल पुढे टाकणारी रीत तेथे कधीच स्थिर नसते. ज्या बाजूने पाणी येते त्याच बाजूचा शेजारी घ्यावा लागतो. भरतीत समुद्राकडचा, ओहोटीत डोंगराकडचा. शिवाय एका पावलात पाणी एका बिंदूपेक्षा पुढे जाऊ नये: वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि बिंदूंमधले अंतर १०० मीटर असेल तर पाऊल २०० सेकंदांच्या आत हवे. ही अट कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडली. या रीतीत खाऱ्या पाण्याची कड प्रत्यक्षाहून अधिक पसरट दिसते, आणि ते पसरणे नदीचे नसून जाळीचे असते हे ध्यानात ठेवावे.

पश्चिमेच्या भिंतीचे पाच दिवस

आता मूळ प्रश्न तक्त्यात घालता येतो. बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान ३३ अंशांभोवती १० अंश वरखाली, चोवीस तासांच्या साइन लाटेने हलते असे लिहावे आणि त्याचा शिखरबिंदू दुपारी तीनला ठेवावा. आतल्या कडेला काल्पनिक बिंदूची अट द्यावी. पाच दिवसांसाठी अर्ध्या तासाच्या २४० ओळी लागतात, आणि सुरुवातीला भरलेल्या तापमानाचा प्रभाव तोवर पुसला जात असल्याने शेवटचा दिवस तेवढा वाचावा. कागदावरच्या गणिताप्रमाणे आतल्या पृष्ठभागाची वरखाली दीड अंशाची आणि तिचे शिखर बाहेरच्या शिखरानंतर पावणेदहा तासांनी यायला हवे. ५ सेंटीमीटरच्या जाळीत ही वरखाली दीड अंशाहून जराशी अधिक आणि उशीर दहा तासांच्या आसपास दिसतो. आलेख काढला की दुपारी तीनची उष्णता मध्यरात्र उलटल्यावर माजघरात पोहोचलेली दिसेल. भिंतीची जाडी २० सेंटीमीटर करून तोच तक्ता पुन्हा चालवावा आणि शिखर किती अलीकडे सरकते ते पाहावे.